इनामगावची चूल आणि कसब्याचं मडकं

बचत गटाची सहल ठरली की आपल्या तोंडी आधी देवस्थानांची नावं येतात. ती जरूर करावीत. पण पुण्याला जाणं झालं, तर त्यातले दोन-तीन तास एका वेगळ्या ठिकाणासाठी राखून ठेवा, असं आज आम्ही सांगणार आहोत. ते ठिकाण म्हणजे येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय. आपल्याच नद्यांच्या काठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांदणाऱ्या माणसांचा संसार तिथे जपून ठेवला आहे.

सुरुवात मात्र कसबा पेठेतून करा. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती ती हीच. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच, जिजाऊंचा लाल महालही इथलाच. इसवी सन ७५८ आणि ७६८ मधल्या राष्ट्रकूट राजांच्या ताम्रपटांत पुण्याचं नाव येतं, म्हणजे गाव त्याहून जुनं. गणपतीचं दर्शन झालं की तांबट आळीत जा. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके ऐका, हंडा-घंगाळ्यावरचं मठारकाम पाहा. मग कुंभारवाड्यात फेरी मारा. तांबं आणि माती, या दोनच गोष्टी डोक्यात ठेवा आणि नदी ओलांडून संग्रहालयात या.

आता आत काय पाहायचं ते सांगतो. ज्या काळात लोखंड माहीत नव्हतं, माणसं दगडाच्या पात्यांबरोबर थोडं तांबं वापरत होती, त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. महाराष्ट्रातल्या त्या काळच्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं, ते संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी अनेक गावं खणून काढली. त्यातलं सगळ्यात नीट अभ्यासलेलं गाव आपल्या पुणे जिल्ह्यातलंच आहे: शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं इनामगाव. तिथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन चाललं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे वस्ती होती. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी सापडल्या.

ही घरं ऐकून तुम्हाला परकी वाटणार नाहीत. कुडाच्या भिंती, त्यावर मातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. आत चूल, धान्य साठवायला पेव आणि कणग्या. शेतात जव मुख्य, जोडीला गहू, मसूर, कुळीथ. रानातली बोरंही खात. पुराचं पाणी वळवून शेताला देण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. गावात एक पाच खोल्यांचं मोठं घर होतं, ते प्रमुखाचं असावं असं अभ्यासक मानतात, कारण शेजारीच धान्याचं कोठार होतं. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या पश्चिम बाजूला राहत. कसब्यातल्या आळ्या आठवल्या ना?

भांडी मात्र निरखून पाहा. लाल रंगाची, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, काहींना बाजूला तोटी. चाकावर घडवलेली आणि इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. संग्रहालयात टिचकी मारायची नाही हं! पण पक्कं मडकं आवाजावरून ओळखायची ती युक्ती आपण बाजारात आजही वापरतोच.

एका गोष्टीपाशी बायका हमखास थांबतात. मूल गेलं की इनामगावची माणसं त्याला दोन मडक्यांत ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत, आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. सोबत वाडगे, पाण्याचं भांडं. सापडलेल्या दफनांपैकी बहुतेक मुलांचीच आहेत. नेवाशाला तर एका लहानग्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तिच्या दोऱ्याचा अंशही टिकून राहिला होता. लेकरू घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, त्याला भूक-तहान लागू द्यायची नाही, हे त्या आईला वाटलं असणार. त्या काळी बाळं किती सहज जात, हेही त्या मडक्यांतून कळतं. आपल्या गावात लसीकरणाच्या दिवशी कोणी टाळाटाळ केली, तर ही मडकी तिला जरूर सांगा.

इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिला डोकं नाही. सोबत मातीचाच बैल होता. त्या लोकांना लिपी नव्हती, म्हणून देवीचं नाव आपल्यापर्यंत पोचलं नाही, पण घराघरात देवी पूजण्याची चाल किती जुनी आहे ते कळतं.

मग हे गाव उठलं कशामुळे? इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान घटलं, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शिकारीवर भर वाढला आणि शेवटी वस्ती मोडली. शिरूरकडच्या बायकांना दुष्काळ काय असतो ते शिकवावं लागत नाही. पाणी अडवणारं गावही पाण्यावाचून मोडू शकतं, एवढं मात्र तिथून शिकून येता येतं.

वेळ उरला तर पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तेही पाहा. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात, ती कला तिथे समजून घेता येते. ही माणसं आजही आपल्या शेजारी राहतात, हे मुलींना सांगायला विसरू नका.

जाण्याआधी गटाच्या नावाने पत्र द्या आणि फोन करून दिवस, वेळ विचारून घ्या. पाटीवरचं कळलं नाही तर तिथल्या माणसाला विचारा. प्रत्येकीने एकच वस्तू निवडावी आणि गावी आल्यावर बैठकीत तिच्याबद्दल बोलावं. म्हणजे न गेलेल्यांनाही सहल घडते.

आणि शेवटी घरचं काम. आपल्या गावाजवळ पांढरी असेल. काळीत पीक, पांढरीत वस्ती, असं आपण म्हणतो. ती राखुंडी रंगाची माती खतासाठी, सारवणासाठी गाड्या भरून नेली जाते. ती माती म्हणजे शेकडो वर्षांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंती. इनामगावही असंच मातीच्या टेकाडाखाली होतं. खणताना रंगीत खापरं, मणी, हाडं, तांब्याची वस्तू दिसली तर खोदणं थांबवा. वस्तू घासू नका, वाटून घेऊ नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेला जुना ठेवा सरकारला कळवणं १८७८ च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय वस्तू जागेवरून हलली की ती कोणाची, कधीची, हे सांगणारी खूण पुसली जाते.

तुमच्या गावच्या पांढरीबद्दल जुन्या बायकांना काय आठवतं, ते गटात विचारा आणि आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात आपण ते ऐकू.