विहिरीच्या सिमेंटचा ताप आणि मेणाचे कण

सुरतेच्या नवागाम-डिंडोली पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. इथे घराचा स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून त्यावर वाफे करून पाणी भरतात. सिमेंट नुसते वाळून कडक होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून कडक होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. स्लॅब पातळ आणि उघडा असल्यामुळे ही उष्णता सहज निघून जाते. पण तेच सिमेंट समुद्रतळाखाली, चहूबाजूंनी बंद जागेत भरले तर?

असे काम रोज होते. सुरतेजवळच्या हजिऱ्याला ओएनजीसीच्या प्रकल्पात वसई क्षेत्राचा गॅस समुद्राखालच्या वाहिनीतून येतो. तो देणाऱ्या प्रत्येक विहिरीला सिमेंटचे अस्तर असते. विहीर खणताना टप्प्याटप्प्याने पोलादी केसिंग उतरवतात. बोअरवेलमध्येही केसिंग असते, पण इथे केसिंग आणि खडक यांच्यामधली फट सिमेंटने भरणे अत्यावश्यक असते. सिमेंट आणि पाण्याचे पातळ मिश्रण, म्हणजे स्लरी, केसिंगच्या आतून खाली ढकलतात. ती तळाशी बाहेर पडून फटीतून वर चढते. केसिंग जागी धरणे आणि एका थरातला गॅस दुसऱ्या थरात किंवा वर समुद्रात जाऊ न देणे, ही तिची दोन कामे.

आता उष्णतेचा हिशोब करू. एक किलो सिमेंट आणि 440 ग्रॅम पाणी घ्या. तेलविहिरींच्या नेहमीच्या ‘जी’ वर्गाच्या सिमेंटचे हेच प्रमाण आहे. पहिल्या दिवसात त्यातून 200 किलोज्यूल उष्णता निघाली असे धरू. हे मिश्रण एक अंशाने तापवायला सुमारे 2.6 किलोज्यूल लागतात. म्हणजे उष्णतेला वाटच मिळाली नाही, तर तापमान 75 अंशांहून जास्त चढेल. प्रत्यक्षात आजूबाजूचा खडक बरीच उष्णता ओढून घेतो, म्हणून वाढ याहून पुष्कळ कमी असते. पण खडकाची भिंत ढासळून फट रुंद झाली असेल, तिथे सिमेंट जाड बसते आणि जास्त तापते.

वसईसारख्या उथळ, उबदार समुद्रात एवढ्याने बिघडत नाही. प्रश्न येतो तो गॅस हायड्रेटच्या थरात. थंडी आणि प्रचंड दाब असेल तिथे पाण्याचे रेणू मिथेनला पिंजऱ्यात धरून बर्फासारखा घन पदार्थ बनवतात. एक घनमीटर हायड्रेट फुटले की सुमारे 160 घनमीटर गॅस मोकळा होतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर, हजार मीटर आणि त्याहून खोल समुद्राच्या तळाखाली, भारताच्या राष्ट्रीय मोहिमांनी 2006 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये असे साठे खणून पाहिले. ओएनजीसीचे गॅस हायड्रेट संशोधन केंद्र पनवेलला आहे. या थरांत सिमेंटने तापमान थोडेसे जरी जास्त चढवले, तरी हायड्रेट फुटू शकते.

ते फुटण्याची वेळ सर्वांत घातक असते. स्लरी द्रव असते तोवर तिच्या उंच स्तंभाचा भार गॅसला दाबून ठेवतो. पूर्ण कडक झाल्यावर ती स्वतःच भिंत बनते. मधल्या काही तासांत मात्र ती अर्धवट आळलेली असते. तिचा भार केसिंग आणि खडकावर अडकतो, आतला दाब उतरतो आणि गॅस अडवण्याची ताकद अजून आलेली नसते. त्याच तासांत हायड्रेट फुटले, तर गॅस सिमेंटमधून बारीक वाटा काढतो आणि सिमेंट पुढे कडक होते ते त्या वाटांसकट.

इथे मेणाचे कण कामी येतात. थंडीत गोठलेली खोबरेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवली, तर तेल वितळेपर्यंत ते पाण्यातली उष्णता पीत राहते, स्वतः मात्र फारसे तापत नाही. पॅराफिन मेण हेच करते, आणि त्याचा वितळबिंदू निवडता येतो. ऑक्टाडेकेन 28 अंशांना वितळते, हेक्साडेकेन 18 ला, टेट्राडेकेन सुमारे 6 ला. मेण पाण्यात घुसळून त्याचे सूक्ष्म थेंब करतात आणि प्रत्येक थेंबाभोवती मेलामाइन राळेचे किंवा सिलिकाचे कवच चढवतात. मेण वितळले तरी कवचाबाहेर जात नाही.

आपल्या एक किलो सिमेंटमध्ये असे 100 ग्रॅम कण मिसळले आणि त्यांतले 80 ग्रॅम मेण असेल, तर वितळताना ते सुमारे 18 किलोज्यूल पितात. म्हणजे जवळपास 7 अंशांची वाढ थोपते. एकूण उष्णतेच्या मानाने हा वाटा लहान आहे. पण हायड्रेटची सहनशक्तीही काही अंशांचीच असते, म्हणून ते 7 अंश मोलाचे ठरतात. कण उष्णता नाहीशी करत नाहीत. नंतर सिमेंट थंड होऊ लागले की मेण पुन्हा गोठते आणि ती उष्णता हळूहळू सोडते. तोवर भिंत उभी राहिलेली असते.

यासाठी जपावेही बरेच लागते. कण तळाशी गोठलेल्या स्थितीतच पोहोचले पाहिजेत, म्हणून मिश्रणाचे पाणी आधी थंड करावे लागते. मेण हलके असल्याने कण वर तरंगू पाहतात. मिसळताना कवचे फुटली तर सगळाच उपयोग संपतो. आणि कण जितके जास्त, तितकी सिमेंटची ताकद कमी. म्हणून कणांवर सगळा भरवसा न टाकता सिमेंटचा काही भाग काढून त्याजागी सावकाश तापणारी फ्लाय अॅश घालणे, हा जोडउपाय शहाणपणाचा आहे.

हायड्रेटचा गॅस भारताला हवा असेल, तर तो बाहेर काढण्याच्या तंत्राइतकेच लक्ष विहिरीच्या अस्तराकडे द्यायला हवे. खराब बसलेले सिमेंट नंतर दुरुस्त करणे अवघड आणि खर्चाचे असते. त्याच्या पहिल्या दिवसाचे तापमान सांभाळणे त्याहून कितीतरी सोपे आहे.