जुनी गणकयंत्रे आणि कामगारांचे हात

जुने गणकयंत्र दुरुस्त करून पुन्हा चालविणे हा रिकामटेकड्यांचा छंद होय, असा समज आढळतो. कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांला त्यात निराळेच काही दिसते.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याच सुमारास आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी गणकयंत्र उभे राहत होते. १९६० साली ते कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह. स्मृतीत मात्र फक्त २,०४८ आकडे मावत.

ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. कड्यांतून तारा ओवलेल्या असत. प्रवाह एका दिशेने सोडला की कडी एका बाजूने चुंबकित होई, उलट सोडला की दुसऱ्या बाजूने. एका स्थितीला ‘एक’ म्हणावयाचे, दुसरीला ‘शून्य’. वीज गेली तरी कडी विसरत नसे.

चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानांच्या गणकयंत्रातही कड्याच होत्या. त्यातील कायमच्या सूचना मात्र विणीतच साठविलेल्या असत: तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ही वीण अमेरिकेतील वॉल्थॅम गावच्या कारखान्यात स्त्री-कामगारांनी हातांनी घातली. मागाचा खडखडाट ऐकलेल्या मुंबईकराला यात परके काय वाटावे?

भंगारात गेलेले असे एक यंत्र काही जाणकारांनी २०१८-१९ मध्ये पुन्हा चालते केले. त्यांनी एकदम बटण दाबले नाही. आधी वीजपुरवठा तपासला, मग एकेक भाग. स्मृतीच्या पेटीतील तुटलेली जोडणीही शोधली. हे साधले, कारण मूळ आराखडे कोणीतरी जपले होते.

आता आमची एक चूक सांगतो. उपनगरातील एक कारखाना बंद पडला, तेव्हा तडजोडीत ग्रॅच्युइटीचा पैन्‌पैचा हिशेब आम्ही मागितला. आराखड्यांची कपाटे त्याच आठवड्यात रद्दीवाल्याकडे गेली. त्यांची आठवण आम्हांला झाली नाही. आज तिथले यंत्र कोणी दुरुस्त करू म्हणेल, तर कागद नाहीत आणि जाणते हातही थकले आहेत.

अंधेरीचे सीप्झ १९७३ साली सुरू झाले. तिथे डाख लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा भगिनी आपल्याच चाळींतून राहतात. यंत्र सांभाळायला जागा लागते. त्यांच्या हातची माहिती उतरवून घ्यायला एक वही पुरते. ती वही आपण या उन्हाळ्यातच उघडावी, एवढीच विनंती.