बोलता येईल अशी अभ्यासिका

खुर्च्या भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची शेअर बाजारात रांग लागली आहे. मे २०२४मध्ये ऑफिस स्पेस सोल्युशन्स आली, जुलै २०२५मध्ये स्मार्टवर्क्स आणि इंडिक्यूब, पाठोपाठ ऑक्टोबरात वीवर्क इंडिया. त्यांचा बहुतेक पसारा पुणे, बेंगळुरू, हैदराबादसारख्या मोठ्या शहरांतला. पण परभणीत वसमत रोडला चार पोरांना घेऊन सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याने, किंवा लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी येऊन इथूनच नोकरी करणाऱ्या मुलीने, या बातमीचं काय करायचं?

जागा नव्हे, खुर्ची भाड्याने घ्यायची, ही को-वर्किंगची कल्पना परभणीकराला समजावून सांगावी लागत नाही. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं अभ्यासिकेत हेच करतात. महिन्याचे पैसे भरायचे, ठरलेलं टेबल घ्यायचं. पंखा, वाय-फाय, चार्जिंगचा प्लग मालकाचा. बारा बारा तास तिथे माणसं टिकून बसतात. म्हणजे घरात होत नसलेलं काम चार अनोळखी लोकांमध्ये होतं, हे या गावाने कधीच ताडलं आहे.

फरक एवढाच, की अभ्यासिकेत बोलायला बंदी असते आणि धंद्याचं निम्मं काम बोलण्याचंच. ग्राहकाचा फोन आला की जिन्यात पळायचं, असं रोज चालत नाही. म्हणून को-वर्किंगची जागा पाहायला जाणाऱ्याने आधी टेबलं मोजू नयेत. दार लावून बोलता येईल अशी खोली किती आहे आणि ती दुपारी रिकामी मिळते का, ते पाहावं.

या कल्पनेचं मूळही एकटेपणातच आहे. ब्रॅड न्यूबर्ग या तरुण प्रोग्रॅमरला स्वतःच्या मर्जीने काम करायचं होतं, पण सोबतही हवी होती. ऑगस्ट २००५मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत महिलांच्या एका केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जागा घेतली. पहिला महिनाभर कुणीही फिरकलं नाही! पुढे मिशिगन विद्यापीठाच्या ग्रेचेन स्प्रायट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागांतल्या लोकांना विचारलं, की काम करताना किती उमेद वाटते. सातपैकी जवळपास सहा गुण मिळाले. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांनी दिलेली कारणं फर्निचरपेक्षा फार वेगळी होती. शेजारचा माणूस आपला स्पर्धक नसतो, त्यामुळे राजकारण नसतं. कधी यायचं, कधी जायचं हे आपल्या हातात असतं. आणि शेजारी वेगळं काम करणारा असला की आपलं काम त्याला सांगताना ते स्वतःलाही अधिक वेगळं आणि रंजक वाटतं.

नुसत्या भिंती पाडून मात्र हे साधत नाही. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मोकळी, सलग झाल्यावर काय होतं ते मोजलं. २०१८मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि माणसं ई-मेलकडे वळली.

स्प्रायट्झर यांचं पहिलंच कारण परभणीत लंगडं पडू शकतं. मोठ्या शहरात शेजारचा अनोळखी असतो; इथे तो मेव्हण्याचा मित्र निघतो. दोन करसल्लागार एकाच हॉलमध्ये बसले आणि एकाच्या स्क्रीनवर दुसऱ्याच्या पाहुण्याचं विवरणपत्र उघडं असलं, तर गोष्ट सायंकाळपर्यंत नानलपेठेत पोहोचेल. हिशेब, वकिली, वैद्यकीय नोंदी यांसारख्या कामांना बंद केबिन नसेल तर ही जागा योग्य नाही, असं सरळ म्हणावं लागेल. बियाणं-खतं विकणाऱ्याचा प्रश्नच वेगळा. त्याचा शेतकरी मोंढ्यात येतो, तिसऱ्या मजल्यावर नाही.

महानगरातला मोठा फायदा, प्रवास वाचण्याचा, इथे जवळपास उरत नाही. कारेगाव रोडवरून स्टेशनला दुचाकीवर यायला असा किती वेळ लागतो? उरतात ती वीज, इंटरनेट, गारवा आणि घरापासून सुटका. या चार गोष्टी मिळत असतील तर पैसे वसूल आहेत. म्हणून चाचणीचा महिना डिसेंबरात घेऊ नये, मे महिन्यात घ्यावा. पारा चाळिशीपार गेलेला असताना, दुपारी लाइट गेल्यावर इन्व्हर्टर एसी ओढतो की फक्त राउटर, ते तेव्हाच कळेल.

हिशेबाची रीत सोपी आहे. समजा, खुर्ची साडेतीन हजारांची. चौघांचे १४ हजार झाले. स्वतःचा गाळा भाडं, वीज, नेट, झाडलोट धरून १६ हजारांत पडत असेल तर खुर्ची परवडली. तेच सहा जण झाले की खुर्च्यांचे २१ हजार होतात, गाळ्याचा खर्च मात्र फारसा हलत नाही. वरून १८ टक्के जीएसटी. आपली नोंदणी असेल तर तो सहसा वळता होतो. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या फ्रीलान्सरला मात्र तो खिशातून जातो. जागा चालवणारा स्वतःच त्या मर्यादेखाली, नोंदणीशिवाय असेल तर तो बिलात कर लावणार नाही, हेही विचारून घ्यावं. तोच पत्ता जीएसटी नोंदणीला द्यायचा असल्यास जागेच्या मालकाचं संमतिपत्र आणि वीजबिल आधी मागावं. करार झाल्यावर मागितलं की टाळाटाळ सुरू होते.

हे सगळं धंद्याच्या मालकाच्या बाजूचं झालं. रोज आठ तास बसणार आहेत कर्मचारी, आणि त्यांना विचारणारे मालक थोडे. त्यातही मुलींना. स्वच्छतागृह वेगळं आहे का, त्याला आतून कडी आहे का, संध्याकाळी सातनंतर जिन्यात दिवा असतो का, किल्ली कुणाकडे असते. परदेशी ग्राहकासाठी रात्री नऊपर्यंत थांबायचं असेल तर खाली माणूस असतो का. या प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात नसतात. त्यासाठी कंपनीतल्या एका मुलीला आठवडाभर तिथे बसवावं, आणि ती नको म्हणाली तर आगाऊ रक्कम भरू नये.