किडनी बदललेल्या रुग्णाचा कोरडा खोकला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळखीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. वर्षभरापूर्वी त्यांच्यावर किडनी प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. आठ दिवस कोरडा खोकला, अंगात बारीक ताप. छातीत काही ऐकू येत नव्हते, एक्स-रेही जवळजवळ स्वच्छ. मी औषध लिहून दिले आणि ‘चार दिवसांनी दाखवा’ म्हटले. चौथ्या दिवशी ते आले, ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. दोन पायऱ्या चढताच धाप लागत होती. त्याच रात्री त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. निदान झाले, फुप्फुसातील बुरशीचा न्यूमोनिया. ते वाचले, पण ते चार दिवस मी घालवायला नको होते.

या बुरशीचे नाव न्यूमोसिस्टिस. पूर्वी तिला एकपेशीय परजीवी समजत. ती बुरशी आहे हे १९८८ मध्ये निश्चित झाले. बहुतेकांचा तिच्याशी लहानपणीच संबंध येतो आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र प्रत्यारोपणानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. पहारेकरीच झोपवला, की चोराचे फावते.

ही बुरशी हवेतून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. नेदरलँड्समधील लायडन येथे मार्च २००५ पासून अकरा महिन्यांत किडनी प्रत्यारोपण झालेल्या २२ जणांना हा न्यूमोनिया झाला. तपासलेल्या नमुन्यांपैकी बहुतेकांत बुरशीचा वाण एकच निघाला. अशाच साथी जपान, जर्मनी व ऑस्ट्रेलियातही आढळल्या. अनेक ठिकाणी शोध घेता असे दिसले, की हे रुग्ण एकाच दिवशी एकाच बाह्यरुग्ण विभागात तपासणीसाठी येऊन गेले होते. म्हणजे जिथे बरे होण्यासाठी जायचे, तिथल्या बाकावरच आजार गाठत होता!

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. बुरशीवरची नेहमीची औषधे इथे फारशी चालत नाहीत. चालते ती को-ट्रायमोक्साझोल ही सल्फाची गोळी. आजार झाल्यावर ती मोठ्या मात्रेत देतात आणि होऊ नये म्हणून लहान मात्रेत. प्रत्यारोपणानंतर साधारण तीन ते सहा महिने ती देण्याची पद्धत आहे. शरीर किडनी नाकारू लागले आणि त्यासाठी औषधे वाढवावी लागली, तर ती पुन्हा सुरू करतात. साथीतले अनेक रुग्ण ही गोळी घेत नव्हते किंवा त्यांची मुदत संपलेली होती. कित्येकांना तर वर्ष उलटल्यावर आजाराने गाठले. म्हणून ‘आता एवढे दिवस झाले, काय होणार?’ असे म्हणू नये.

वाचकहो, तुमच्या घरात असा रुग्ण असेल तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. कोरडा खोकला, ताप आणि चालताना लागणारा दम यांना साधी सर्दी समजू नका. त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा.

२. घरी ऑक्सिमीटर असल्यास बसून आणि थोडे चालून, असे दोनदा मोजा. चालल्यावर आकडा खाली येत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी थांबू नका.

३. सल्फाची गोळी मनाने बंद करू नका. अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना सांगा; दुसरी औषधे आहेत. ती चालू असताना रक्ताच्या तपासण्याही चुकवू नका.

४. दवाखान्यात मास्क लावा आणि खोकणाऱ्यांपासून दूर बसा.

५. कोणत्याही नव्या डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगा : ‘माझी किडनी बदललेली आहे.’

ते गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. मात्र त्यांना बाहेरच्या बाकावर बसू द्यायचे नाही, सरळ आत पाठवायचे, अशी मी कंपाउंडरला ताकीद देऊन ठेवली आहे. रांगेतले लोक कधी कधी कुरकुरतात. त्यांना कारण कळावे, म्हणून आज हे सविस्तर लिहिले.