संगणकाचा वेग वाढविताना

संगणकातील घड्याळ ताल धरण्याचे काम करते. त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी प्रोसेसरमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टर आपापले काम एक पाऊल पुढे नेतात. आजच्या टेबलावरील संगणकात मूळ ठोके बहुधा सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, असतात. प्रोसेसर त्यांना एका गुणकाने गुणतो. गुणक ४० असला, तर वेग ४ गिगाहर्ट्झ होतो. निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे मूळ ठोका अथवा गुणक वाढविणे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

अशी वाढ मुळात शक्य होते, याचे कारण निर्मात्याच्या सावधगिरीत आहे. तापलेल्या खोलीत आणि अनेक वर्षांच्या वापरानंतरही प्रोसेसर चुकू नये, एवढी सवड ठेवून त्याचा वेग ठरविलेला असतो. १९९८ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरमध्ये ही सवड फारच मोठी निघाली. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, की ३०० मेगाहर्ट्झचा वेग ४५० होई, आणि पुष्कळशा प्रोसेसरांना तो झेपत असे. पुढे हा छंद इतका रूढ झाला की २०१० पासून इंटेलने गुणक मोकळा असलेले प्रोसेसर ‘के’ या अक्षराने वेगळे ओळखू येतील असे विकावयास आरंभ केला.

परंतु वाढीव वेग फुकट मिळत नाही. ट्रान्झिस्टर अधिक चपळ व्हावेत म्हणून विद्युत् दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत, पण दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग व दाब दोन्ही दहा टक्क्यांनी वाढविले, तर वीज सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. आणि ही सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्याचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. जानेवारीत खोलीचे तापमान २० अंश आणि भर कामात प्रोसेसर ७५ अंशांवर, म्हणजे खोलीपेक्षा ५५ अंशांनी अधिक, आहे असे समजू. हे अंतर ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो. खोली ३८ अंशांवर गेली, की तोच प्रोसेसर ९३ अंशांना टेकतो. पंख्यांच्या जाळीवर धूळ साचली असेल, तर त्याहूनही वर. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या जवळपास स्वतःच वेग कमी करतात, म्हणजे खटाटोप करून मिळविलेली वाढ ऐन उन्हाळ्यात नाहीशी होते. म्हणून हिवाळ्यात घेतलेली चाचणी या प्रदेशात प्रमाण मानता येत नाही.

संगणक बंद पडला, तर निदान दोष कळतो. खरा धोका तो चालू राहून चुकण्यात आहे. सामान्य स्मृतीमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय बहुधा नसते. एखादा अंक बदलतो, तो हिशेबात किंवा आराखड्यात तसाच साठविला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यास्तव प्रथम साऱ्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. मग गुणक एकेका पायरीने वाढवावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक वेळी प्राइम९५ सारखा कार्यक्रम काही तास चालवावा. मूलतः मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी लिहिलेला हा कार्यक्रम ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते करवून प्रोसेसरची चूक पकडतो. स्मृतीसाठी मेमटेस्ट८६ वापरतात.

स्मृतीच्या बाबतीत आकड्यांना भुलू नये. डीडीआर४ जातीची ३२०० ची पट्टी १६ ठोके थांबत असेल आणि ३६०० ची १८, तर दोहोंचा प्रतीक्षाकाल १० नॅनोसेकंदच भरतो. वाढते ती वाहतूक. पट्टीवर निर्मात्याने नोंदविलेली एक्सएमपी ही तयार मांडणी निवडणे हेही ओव्हरक्लॉकिंगच होय, कारण तीत दाब बहुधा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट असतो.

दाबाची भीती काल्पनिक नाही. २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांत वारंवार बिघाड होऊ लागला. प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक दाब मागत होता, हे त्याचे एक कारण असल्याचे कंपनीने जाहीर केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ज्यांना इजा झाली होती, ते नव्या सुधारणेने बरे होणारे नव्हते. हे तर मालकाने काहीही न वाढविता घडले.

बदलण्यापूर्वीचे सर्व आकडे वहीत लिहून ठेवणे बरे. संगणक सुरूच झाला नाही, तर वीज तोडून मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. बहुतेक संगणक त्यानंतर मूळ मांडणीवर परत येतात.