कामासाठी कोलाड: मुक्काम कुठे करावा?

कोलाडचं नाव काढलं की बहुतेकांना कुंडलिकेतलं राफ्टिंग आठवतं. भिरा इथल्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटतं आणि नदी खळाळते. त्यावरच इथली रिसॉर्टं उभी राहिली. पण याच भागात दर महिन्याला कामासाठी येणारी माणसंही आहेत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, तिथे यंत्रदुरुस्तीचे तंत्रज्ञ, तपासनीस, विक्री प्रतिनिधी यांची ये-जा सुरूच असते.

त्यांच्यापुढे पर्याय दोन: रोहा किंवा कोलाड. धाटाव या दोघांच्या मधे.

रेल्वेने येणाऱ्याने रोहा निवडावं. तिथे जास्त गाड्या थांबतात, बाजारपेठ आहे, रात्री उशिरा औषधाची गरज पडली तरी धावाधाव होत नाही. गाडी घेऊन येणाऱ्याला मात्र मुंबई-गोवा महामार्गावरचं कोलाड सोयीचं. मालट्रक रेल्वेवर चढवून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 साली इथूनच गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत सुरू झाली, यावरून या नाक्याचं महत्त्व कळावं.

रिसॉर्टचा मोह आवरावा, निदान शनिवार-रविवारी. मुंबई-पुण्याच्या गर्दीने दर चढतात, गाण्यांचा आवाजही. सोमवार ते गुरुवार त्याच खोल्या रिकाम्या असतात. नेहमी येणाऱ्याने थेट मालकाशी बोलून महिन्याचा दर ठरवावा. ठरवताना पहिल्या पाळीआधी नाश्ता मिळेल का, पावसाळ्यात वीज गेली तर जनरेटर आहे का, कंपनीला चालेल असं जीएसटीचं बिल मिळेल का, हे आधी विचारावं. गणपतीच्या आठवड्यात महामार्ग तुंबतो, तेव्हा शक्यतो दौराच पुढे ढकलावा.