डेटाबेसची निवड : परवान्याचे मोल आणि बदलाचा खर्च

खाती, मालसाठा, देयके यांच्या नोंदी परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची 'रिलेशनल डेटाबेस' ही संकल्पना आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. तिच्यावर आधारित व्यापारी प्रणाली ओरॅकलने १९७९ मध्ये बाजारात आणली. अशा प्रणालींचे परवाना शुल्क बहुधा प्रोसेसर किंवा वापरकर्त्यांच्या संख्येनुसार आकारले जाते. साहाय्याचे वार्षिक शुल्क वेगळे. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त स्रोत प्रणालीस परवाना शुल्क नाही. कुशल मनुष्यबळ व देखभाल यांचा खर्च मात्र तिलाही चुकत नाही.

तथापि उद्योगाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो तो बदलाचा खर्च. एस.क्यू.एल. ही भाषा १९८६ पासून प्रमाणित असली, तरी प्रत्येक विक्रेत्याने तिला स्वतःची जोड दिली आहे. ओरॅकलच्या पी.एल./एस.क्यू.एल.मध्ये लिहिलेली व्याज-आकारणी अन्यत्र नेताना बव्हंशी नव्याने लिहून तपासावी लागते. असे लेखन जसजसे साचत जाते, तसतशी ग्राहकाची सौदाशक्ती घटते. खरेदीच्या वेळी हा खर्च कोणी मांडत नाही.

२०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली आणि मायएसक्यूएल ही मुक्त स्रोत प्रतिस्पर्धी प्रणालीही तिच्याकडे गेली. युरोपीय आयोगाने स्पर्धेच्या मुद्द्यावर चौकशी करूनच या व्यवहारास संमती दिली. परंतु स्रोत खुला असल्याने मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा २००९ मध्येच निघाली होती. बंदिस्त प्रणालीच्या ग्राहकास अशी वाट नसते.

भारत सरकारच्या २०१५ च्या मुक्त स्रोत धोरणात शासकीय प्रणालींची तुलना करताना संपूर्ण आयुर्मानातील खर्च हा एक निकष आहे. खासगी उद्योगांना तो बंधनकारक नाही.